दोन संगणक, एक तार

१९६९ सालच्या ऑक्टोबर महिन्याची २९ तारीख. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ली क्लाइन नावाचा एक तरुण विद्यार्थी रात्रीच्या वेळी संगणकाच्या कळफलकापुढे बसला होता. सुमारे साडेपाचशे किलोमीटर दूर, मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत, बिल डुव्हाल हे दुसऱ्या संगणकापाशी होते. दोघांमध्ये टेलिफोनवरून बोलणे चालू होते. क्लाइनने 'लॉगिन' या इंग्रजी शब्दाचे पहिले अक्षर धाडले आणि ते पोचल्याचे पलीकडून कळले. दुसरे धाडले, तेही पोचले. तिसरे अक्षर धाडताच पलीकडचा संगणक बंद पडला.

दोष तारेत नव्हता. दोन संगणकांच्या मध्ये उभी असलेली यंत्रे आणि त्यांना जोडणारी टेलिफोनची भाड्याची वाहिनी ही दोन्ही आपापले काम चोख करीत होती. पहिल्या तीन अक्षरांवरून शब्द ओळखून पलीकडच्या संगणकाने उरलेली अक्षरे आपण होऊन एकदम परत पाठविली, आणि एका वेळी एकच अक्षर येईल असे धरून राखलेला आज्ञावलीतील कप्पा त्यास अपुरा पडला. डुव्हाल यांनी तो कप्पा वाढविला आणि सुमारे तासाभराने तोच शब्द पूर्णपणे पोचला. आज ज्यास इंटरनेट म्हणतात त्याच्या इतिहासातील पहिली जोडणी आणि पहिला बिघाड हे दोन्ही अशा रीतीने एकाच रात्री घडले.

त्या रात्रीच्या प्रसंगातील टेलिफोनकडे श्रोत्यांनी विशेष लक्ष द्यावे. 'पहिले अक्षर आले काय?' हे विचारण्याची दुसरी वाट हाताशी होती, म्हणूनच बिघाड नेमका तिसऱ्या अक्षरापाशी झाला हे कळू शकले. ती वाट नसती तर दोन्ही टोकांस केवळ शांतता जाणवली असती, आणि शांततेवरून काहीच सिद्ध होत नाही. एका खोलीत शेजारी ठेवलेले दोन संगणक एकाच तारेने जोडणाऱ्यापुढेही आज नेमकी हीच अडचण असते. तार लावली जाते, काहीच घडत नाही, आणि त्या काही न घडण्याचे कारण मात्र कोठेच लिहिलेले नसते.

असे संगणक जोडण्याची वेळ कोणावर येते? समजा, एखाद्या तालुक्याच्या गावी एक सार्वजनिक वाचनालय आहे. तेथील दाखल नोंदवही पंधरा-सोळा वर्षांपूर्वी संगणकावर उतरविण्यात आली. मूळ वह्या एका पावसाळ्यात भिजून गेल्या. आता तो संगणक जुना झाला आहे, त्याची तबकडी मधूनच करकरते, आणि शासकीय अनुदानातून नवा संगणक आला आहे. गावात इंटरनेट आहे, पण ते बेभरवशाचे. ग्रंथपालाच्या हाती एक तार आहे आणि तबकडी आणखी किती दिवस टिकेल हे कोणी सांगू शकत नाही. अशा माणसाने तार लावून पाहिली, काही झाले नाही, म्हणून तार बदलली, तरीही काही झाले नाही, म्हणून संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, असे करीत दिवस घालविणे परवडणारे नाही. चालू-बंद करण्याच्या प्रत्येक खेपेस त्या म्हाताऱ्या तबकडीचे आयुष्य थोडे कमी होत असते.

तारेवर प्रथम संशय घेणे ही जुनी सवय आहे आणि तिला कारणही आहे. कलकत्ता ते डायमंड हार्बर या मार्गावर १८५१ साली तारायंत्राची वाहिनी सुरू झाली तेव्हा तार म्हणजेच सर्व काही होते. तार तुटली की संदेश थांबला. तार सांधली की तो पुन्हा वाहू लागला. तारेचा विद्युतरोध मोजून दोष किती अंतरावर आहे हे कचेरीत बसूनच काढण्याच्या युक्त्या त्याच शतकात निघाल्या आणि त्यांनी तारखात्याचे पुष्कळ हेलपाटे वाचविले. संगणकांच्या बाबतीत मात्र तार ही केवळ तळमजल्यासारखी असते. तिच्यावर वेगाचा करार, त्यावर पत्त्यांचा करार, त्यावर पहारेकऱ्याची परवानगी आणि सर्वांत वर उभय संगणकांची बोली, असे मजले चढत जातात. कोणताही एक मजला ढासळला तरी वरून दिसणारे दृश्य एकच: दुसरा संगणक दिसत नाही. म्हणून शोध खालून वर घ्यावा लागतो आणि खालचा मजला पक्का असल्याची खूण मिळाल्यावाचून वर पाऊल टाकू नये, हे पथ्य पाळावे लागते.

तर आरंभ तारेपासून. तारेच्या टोकाला पारदर्शक प्लॅस्टिकचा प्लग असतो आणि त्यात आठ बारीक तारा ओळीने बसविलेल्या असतात. या आठ तारा दोन-दोनांच्या चार जोड्यांत पिळलेल्या असतात. पीळ शोभेसाठी नसतो. जोडीतील एका तारेवर बाहेरून जेवढा उपद्रव होतो तेवढाच दुसरीवरही व्हावा आणि दोहोंतील फरक घेतला असता तो उपद्रव वजा व्हावा, ही त्यातील कल्पना आहे. टेलिफोनच्या तारांसाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ सालीच तिचे पेटंट घेतले होते.

येथे एक फसवी चूक संभवते. बाजारातील कारागीर घाईत असला की आठ तारा रंगांच्या जोडीने सरळ लावून मोकळा होतो: पहिली-दुसरी नारिंगी, तिसरी-चौथी हिरवी, पाचवी-सहावी निळी, सातवी-आठवी तपकिरी. दोन्ही टोकांस त्याने हेच केले तर तपासणीच्या स्वस्त उपकरणावरील आठही दिवे क्रमाने लागतात आणि तार निर्दोष ठरते. परंतु नेटवर्कच्या नियमानुसार तिसरी आणि सहावी ही एक जोडी मानली जाते. तसेच चौथी आणि पाचवी ही दुसरी. वरील तारेत तिसऱ्या स्थानी हिरव्या जोडीतील एक तार येते आणि सहाव्या स्थानी निळ्या जोडीतील. म्हणजे ज्या दोन तारांनी एकमेकींना पिळून राहावयाचे त्या परक्या जोडीदारणींबरोबर पिळलेल्या राहतात, आणि एका जोडीतील संदेश दुसरीत झिरपतो. अशी तार हातभर लांबीची असली तर कदाचित निभावून नेईल. वीस मीटर लांब असली तर दिवा लागतो, लहान निरोप पोचतात आणि मोठी फाइल पाठविताच सर्व काही रखडते. उपकरणाने तार शुद्ध ठरविली असल्यामुळे दोष सर्वत्र शोधला जातो, फक्त तारेत शोधला जात नाही. यावर उपाय एकच, आणि त्यास एक पैसाही लागत नाही: प्लग उजेडात धरावा व रंग डोळ्यांनी पाहावेत. खटका आपल्यापासून दूर आणि तारेचे टोक खाली असे धरले असता डावीकडून क्रम असा दिसला पाहिजे: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरवा आणि नारिंगी यांची अदलाबदल केलेला दुसरा क्रमही मान्य आहे. परंतु निळी जोडी मध्यभागी असली पाहिजे आणि तिच्या दोन्ही अंगांस एकाच रंगाची जोडी दुभंगून बसलेली असली पाहिजे.

त्या दुसऱ्या क्रमाचा उल्लेख झाला तो सकारण. पूर्वीच्या यंत्रांत पहिल्या-दुसऱ्या तारेवरून संगणक बोलत असे आणि तिसऱ्या-सहाव्या तारेवरून ऐकत असे. दोन संगणक सरळ तारेने जोडले की तोंडापुढे तोंड आणि कानापुढे कान अशी स्थिती होई. दोघेही बोलत, ऐकत कोणीच नसे. म्हणून एका टोकाला एक क्रम व दुसऱ्या टोकाला दुसरा क्रम अशी उलटी तार वेगळी करून घ्यावी लागे. आता ही अदलाबदल संगणक आपापसांतच करून घेतात. तीत एक मौज आहे. दोघांनी एकाच क्षणी बाजू बदलली तर स्थिती पूर्ववतच राहील. लखनौच्या 'पहले आप' म्हणणाऱ्या दोन सभ्य गृहस्थांची गाडी चुकावी तसा हा प्रकार होईल. तो टाळण्यासाठी प्रत्येक यंत्र मनास येईल तितका, म्हणजे यादृच्छिक, काळ थांबून मगच बाजू बदलते, आणि क्षणार्धात मेळ बसतो. १९९९ साली प्रमाणित झालेल्या, सेकंदाला शंभर कोटी बिट वाहून नेणाऱ्या पद्धतीची यंत्रे ही सोय बहुधा बाळगतात. दोहोंपैकी एकात ती असली तरी पुरे. आपल्या ग्रंथपालाचे दोन्ही संगणक जुने असते तर उलटी तार लागली असती. एक नवा असल्यामुळे बहुतेक साधी चालेल.

तार बसली की तिच्या खाचेजवळचा छोटा दिवा पाहावा. १९६९ च्या त्या टेलिफोनची जागा आज हा दिवा घेतो. दोन्हीकडे दिवा लागला तर तळमजला उभा आहे असे समजावे. दोन्हीकडे अंधार असेल तर तार, प्लग किंवा खाच यांत दोष आहे, अथवा एखाद्या संगणकात नेटवर्कचे कार्डच बंद करून ठेवलेले आहे. जुन्या यंत्रांत क्वचित एकीकडे दिवा व दुसरीकडे अंधार दिसतो. त्याचा अर्थ एका दिशेची जोडी जुळली असून दुसऱ्या दिशेची तुटली आहे. काही कार्डांना तारेतील तूट किती अंतरावर आहे हेही सांगता येते. ते तारेत एक विद्युतस्पंद सोडतात आणि तो तुटलेल्या टोकावरून परतण्यास किती वेळ लागला हे मोजतात. तारेत स्पंद सेकंदाच्या अब्जांशात सुमारे वीस सेंटिमीटर जातो. तेव्हा दहा मीटरवरील तूट असे शंभर अब्जांश सेकंदांनी उत्तर देते.

दिवा लागला, तरी वेगाचा करार नीट झाला आहे ना, ते एकदा पाहून ठेवावे. विशेषतः कोणी जाणकाराने पूर्वी एका संगणकाचा वेग आणि पद्धत हाताने कायम करून ठेवली असेल आणि दुसरा स्वयंचलित असेल, तर हा दुसरा, पलीकडून वाटाघाटीचा शब्दच न आल्यामुळे, एका वेळी एकानेच बोलावयाचे अशी जुनी रीत धरतो. पहिला मात्र बोलणे आणि ऐकणे एकाच वेळी करीत राहतो. दुसऱ्याला वाटते की टक्कर झाली, आणि तो वाक्य अर्धवट सोडतो. लहान निरोप यातून सुटतात, मोठे अडकतात. दोघांनाही स्वयंचलित ठेवणे हाच येथे शहाणपणा होय.

आता पत्ता. घरातील किंवा कचेरीतील नेटवर्कात पत्ते वाटणारे एक यंत्र असते. संगणक सुरू होताच 'मला पत्ता द्या' असे ओरडतो आणि तो त्यास मिळतो. दोन संगणक थेट जोडले असता पत्ता देणारा कोणीच नसतो. दोघेही याचक. काही काळ वाट पाहून मग प्रत्येक जण १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होणारा एक पत्ता स्वतःच धारण करतो आणि तो दुसऱ्या कोणी घेतलेला नाही ना, हे विचारून खात्री करून घेतो. या रीतीचे नियम २००५ साली लेखी प्रसिद्ध झाले, पण विंडोजमध्ये ती त्याआधीपासून होती. हा आकडा दिसला की पुष्कळांना तो बिघाडाची खूण वाटतो, कारण इंटरनेटला जोडलेल्या संगणकावर तो तसाच असतो. थेट तारेच्या बाबतीत मात्र तो अगदी रास्त आहे. फक्त तो मिळण्यास मिनिटभर लागू शकते, आणि नेमक्या त्याच मिनिटात उतावळा माणूस तार उपसून पुन्हा खोचतो व सर्व मोजणी नव्याने सुरू करतो.

वाट पाहणे नको असेल तर पत्ते हाताने द्यावेत. एकास १९२.१६८.१०.१ आणि दुसऱ्यास १९२.१६८.१०.२, दोघांचा सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. यात पहिले तीन आकडे ही जणू गल्ली आणि शेवटचा आकडा हे घर. गल्ली एकच आणि घरे भिन्न असली पाहिजेत. गल्लीतून बाहेर नेणाऱ्या द्वाराचा, म्हणजे गेटवेचा, रकाना रिकामा सोडावा. संगणकात बिनतारी जोडणी असेल तर ती या कामापुरती बंद करणे चांगले. नाही तर निरोप तारेवरून गेला की हवेतून, हे कळत नाही, आणि तार निकामी असतानाही यशाचा भास होतो.

यानंतर हाक देऊन पाहावयाची. तिच्यासाठी 'पिंग' नावाची छोटी आज्ञावली प्रत्येक संगणकात असते. अमेरिकन सैन्याच्या एका प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माइक म्यूस यांनी १९८३ च्या डिसेंबरात ती लिहिली, आणि तीही नेटवर्कच्या एका चमत्कारिक वर्तनाचा छडा लावण्यासाठीच. पाणबुडीचा शोध घेताना ध्वनीचा ठोका सोडतात व प्रतिध्वनीची वाट पाहतात, त्या आवाजावरून हे नाव. पिंगला उत्तर आले तर प्रश्नच मिटला. परंतु उत्तर आले नाही तर काय समजावे? येथेच सर्वाधिक माणसे वाट चुकतात. ती परत तारेकडे वळतात.

विंडोजमध्ये २००४ सालापासून फायरवॉल नावाचा पहारेकरी मुळातच जागा ठेवलेला असतो. अनोळखी नेटवर्कावरून आलेल्या हाकेस उत्तर देऊ नये अशी त्यास ताकीद असते, आणि दोन संगणकांचे थेट नेटवर्क हे त्याच्या लेखी अनोळखीच. तेव्हा मेलेल्याची शांतता आणि पहाऱ्यातील माणसाची शांतता यांत भेद करता आला पाहिजे. तो करता येतो. हाक देण्यापूर्वी संगणक आधी 'हा पत्ता कोणाचा?' असे विचारतो आणि पलीकडच्या कार्डाचा कारखान्यात कोरलेला क्रमांक मिळवितो. ही विचारणा, जिची रीत १९८२ साली ठरली, पहारेकऱ्याच्या पायाखालून जाते. तिला तो सहसा अडवीत नाही. म्हणून विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांत पिंगचे अपयश दोन तऱ्हांनी प्रकट होते. 'ठिकाण गाठता येत नाही' असा शेरा आला आणि तो पाठविणाऱ्याचा पत्ता खुद्द आपलाच असला, तर क्रमांकच मिळालेला नाही: खालचे मजले तपासावेत. या शेऱ्याच्या आरंभी 'उत्तर' हा इंग्रजी शब्द असतो आणि पुष्कळ जण त्यानेच सुखावतात. ते उत्तर आपण आपल्यालाच दिलेले असते. 'वेळ संपली' असा शेरा आला तर बहुधा क्रमांक मिळाला आहे, पलीकडे कोणी तरी आहे, पण बोलत नाही. खात्रीसाठी आज्ञेच्या काळ्या खिडकीत ए, आर, पी ही इंग्रजी अक्षरे, जागा सोडून वजाचे चिन्ह आणि पुन्हा ए, असे टंकावे. उमटलेल्या यादीत दुसऱ्या संगणकाचा पत्ता व त्यापुढे क्रमांक दिसला, की तार, दिवा, पत्ता या सर्वांवरचा संशय सोडून द्यावा. पहारेकऱ्यास पूर्ण झोपविण्याचेही कारण नाही. या नेटवर्काचा प्रकार 'सार्वजनिक' असा आहे तो 'खासगी' करावा आणि फाइलींच्या देवघेवीस परवानगी द्यावी, एवढे पुरते.

सर्वांत वरच्या मजल्यावर बोलीचा प्रश्न उरतो, आणि जुन्या-नव्याच्या भेटीत तो हमखास येतो. विंडोज एक्सपी फाइलींची देवघेव ज्या जुन्या बोलीत करते, तिच्यातील एका छिद्राचा फायदा घेऊन २०१७ च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय' हा उपद्रव जगभर पसरला. त्याच वर्षाच्या अखेरीपासून नव्या विंडोजमध्ये ती बोली मुळातून बसविली जात नाही. म्हणजे ग्रंथपालाच्या पिंगला उत्तर मिळेल, क्रमांक दिसेल, पहारेकरी वाट देईल, आणि तरीही सामायिक कप्पा उघडणार नाही. ही जुनी बोली नव्या संगणकावर तात्पुरती बसविता येते. एरवी असे करणे धोक्याचे म्हटले पाहिजे. परंतु बाहेरच्या जगाशी संबंध नसलेल्या एका तारेवर, इंटरनेट तोडून ठेवून, तासा-दोन तासांसाठी ते करण्यास हरकत नाही. किंबहुना थेट तारेचा खरा लाभ हाच आहे की तिच्यावर तिसरा कोणी नसतो. दुसऱ्या संगणकास नावाने शोधण्याऐवजी आकडी पत्त्याने बोलवावे, कारण नावे जुळविणारी यंत्रणा ही स्वतंत्रच भानगड आहे. आणखी एक खाचखळगा असा की, ज्या खात्याला परवलीचा शब्द नाही त्यास विंडोज साधारणतः तारेवरून आत घेत नाही. वाचनालयांतील संगणकांवर असा शब्द बहुधा नसतो.

कप्पा उघडला की नोंदवहीची फाइल प्रथम उतरवून घ्यावी. छायाचित्रे, पत्रव्यवहार आणि इतर पसारा मागाहून. जुन्या तबकडीवर नवे काहीही लिहू नये. काम संपल्यावर दोन्हीकडील फाइलींची संख्या आणि एकूण आकार ताडून पाहावा, आणि नोंदवही नव्या संगणकावर उघडून तिच्यातील पहिली, शेवटची व मधली काही पाने वाचावीत. त्यानंतर जुनी बोली काढून टाकावी आणि हाताने दिलेला पत्ता पुसून पुन्हा 'आपोआप' ही निवड करावी. हे शेवटचे काम हटकून राहून जाते, आणि मग आठवड्याने इंटरनेटची तार लावली असता नवा संगणक कोणाशीच बोलत नाही.